आमची जुनी मोटार व हदगावचा रस्ता

ज्या घरात तीन पिढ्या एका छपराखाली नांदतात, त्या घरातील पुष्कळशा वस्तूंचे वय कोणी मोजीत नाही. माजघरातील झोपाळा, न्हाणीतील तांब्याचा बंब, परसातील पाटा-वरवंटा ही सर्व आपापल्या जागी असतात, आणि त्यांच्याविषयी प्रश्न विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मोटारगाडीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्या जन्माची नोंद सरकारदप्तरी असते, ठराविक वर्षे लोटली म्हणजे तिला पुन्हा तपासणीस उभे राहावे लागते, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकास तिचे वय दुरूनच ओळखता येते. आमच्या दारी उभी असलेली चार दारांची मोटार १९८८ सालची आहे. ती आम्ही शोभेकरिता राखलेली नाही. बाजारहाट, न्यायालय, देवदर्शन, लग्नकार्य या सर्वांस ती रोज लागते. "अजून हीच गाडी का?" असा प्रश्न पाहुण्यांकडून आम्हांस इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटू लागले. हा लेख म्हणजे ते उत्तर होय. त्यात आमच्या एका चुकीची कबुलीही आहे.

प्रथम गावाविषयी दोन शब्द. हदगाव हे नांदेड जिल्ह्याच्या उत्तर अंगास असलेले तालुक्याचे ठिकाण. येथून उमरखेडकडे निघाले म्हणजे वाटेत पैनगंगा आडवी येते व तिच्या पलीकडे विदर्भाची हद्द लागते. हिंगोलीकडून येणारी कयाधूही याच भागात पैनगंगेस मिळते. हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता. १९५६ साली तो मुंबई राज्यास जोडला गेला व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे आमच्या बोलण्यात वऱ्हाडी हेल जसा येतो, तसे हैदराबादी वळणाचे शब्दही सहज येतात. गावाजवळील दत्तबर्डीच्या टेकाडावर दत्तप्रभूंचे स्थान आहे. भोवतालची जमीन काळी व भारी. तीत कापूस, सोयाबीन, हळद व ऊस ही पिके होतात.

याच काळ्या जमिनीचा आमच्या विषयाशी निकटचा संबंध आहे. ती पावसात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात हातभर भेगा पडून आकसते. तिच्यावर बांधलेला रस्ता कितीही चांगला असला, तरी दोन-चार पावसाळ्यांनंतर त्यास लाटा येतात. अशा रस्त्यावरून मोटार चालविणाऱ्यास वेगाचा मोह सोडावा लागतो आणि मोटारीसही पोटाखाली पुरेशी उंची व मजबूत पाटे असावे लागतात.

१९८८ साली आमच्या घरी मोटार आली, ती हौसेने आली नाही. आमचे तीर्थरूप हदगावच्या न्यायालयात वकिली करीत. पक्षकारांच्या कामाकरिता त्यांस महिन्यातून चार-पाच वेळा नांदेडास जावे लागे, आणि नांदेड येथून सुमारे ७० किलोमीटर. शहरास लोहमार्ग नव्हता, एस. टी.च्या गाडीचाच काय तो आधार. शिवाय आमच्या आजीस दम्याचा विकार होता. पैनगंगेस पूर आला म्हणजे जुन्या पुलावरून पाणी जाई व उमरखेडकडील वाट तासन् तास बंद पडे. तेव्हा वैद्यकीय मदतीकरिता नांदेडची दिशाच खरी. आजीस रात्री-अपरात्री धाप लागली, की तीर्थरूपांचा जीव अर्धा होई. शेवटी थोडे कर्ज काढून त्यांनी मोटार घेतली.

त्या वेळी मारुतीची छोटी मोटार बाजारात येऊन चार-पाच वर्षे झाली होती, व अनेकांनी तीच घेण्याचा सल्ला दिला. परंतु तीर्थरूपांनी प्रीमियर पद्मिनी पसंत केली. कारण अगदी घरगुती होते. या गाडीची पुढील बैठक बाकासारखी सलग असून गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर बसविलेला होता. त्यामुळे पुढे तिघे व मागे चौघे बसू शकत. आजी, काका, काकू व आम्ही मुले यांतील कोणासही मागे न ठेवता जावयाचे, तर हा हिशेब महत्त्वाचा होता.

या मोटारीचा वंश मराठी मुलखाशी जोडलेला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मूळ सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार होऊन तिच्या ११०० जातीच्या मोटारी येथे तयार होऊ लागल्या. १९६४ पासून निघालेली 'डिलाइट' हीच पद्मिनीची आई. परवान्याची मुदत संपल्यावर फियाटचे नाव गेले. गाडी प्रथम 'प्रेसिडेंट' व नंतर १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' झाली. चितोडच्या राणीचे नाव तिला मिळाले खरे. परंतु लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. आमच्या घरीही तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारीत नाही.

तिची रचना साधी आहे. चार नळकांड्यांचे, १,०८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोलवर चालणारे इंजिन. शक्ती जाते ती मागील चाकांस. चारही चाकांस जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. यात संगणक नाही व आपोआप होणारे काही नाही. झाकण उघडले म्हणजे कोणती नळी कोठून निघून कोठे जाते, हे दहा वर्षांच्या मुलासही दाखविता येते. या साधेपणाचे कौतुक करणारे लोक एक गोष्ट विसरतात. नव्या गाडीत जी कामे यंत्र आपण होऊन करते, ती सर्व येथे माणसास करावी लागतात.

उदाहरणार्थ, सकाळी गाडी चालू करणे. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून पौष-माघात चोक पूर्ण ओढून हवेचा मार्ग अडवावा लागतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिन तापू लागले की चोक हळूहळू आत ढकलावयाचा. विसरलात, तर पेट्रोल वाया जाते व स्पार्क प्लगवर काजळी धरते. चैत्र-वैशाखात चोकास हातही लावावयाचा नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत सहज चढतो. अशा दुपारी गाडी थोडी थांबली, की इंजिनाच्या धगीने नळीतच पेट्रोलची वाफ होते व पंपास ती ओढता येत नाही. गाडी गुरगुरून गप्प होते. त्यावर उपाय एकच. ओल्या फडक्याची घडी पेट्रोलच्या पंपावर ठेवावी आणि झाडाच्या सावलीत दहा मिनिटे स्वस्थ बसावे. तीर्थरूप याकरिता आसनाखाली एक तांब्या व जुन्या धोतराचा तुकडा नेहमी ठेवीत. पावसाळ्यात उलट प्रकार. डेल्कोच्या टोपणात दमट हवा शिरली, की ठिणगी पडत नाही. टोपण काढून कोरड्या फडक्याने आतून पुसावे, की गाडी चालू.

पाण्याचेही तसेच. आमच्या विंधनविहिरीचे पाणी जड. ज्या पातेल्यात ते उकळावे, त्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. तेच रेडिएटरमध्ये घातले, तर तेथील बारीक नळ्या काही वर्षांत बुजून जातील. म्हणून आजी पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी हंड्यात धरून, वस्त्रगाळ करून, मोटारीकरिता बाजूस ठेवी. अलीकडे रेडिएटरकरिता तयार शीतकद्रव मिळतो व आम्ही तोच वापरतो.

गावात एक मिस्त्री आहेत. साऱ्या गावाप्रमाणे आम्हीही त्यांस चाचा म्हणतो. त्यांचे दुकान म्हणजे कडुनिंबाखालील एक पत्र्याची शेड. आजपर्यंत एकदाही त्यांनी आमच्या गाडीचे झाकण प्रथमच उघडले नाही. आधी ते गाडी चालू करावयास सांगतात, डोळे मिटून थोडा वेळ उभे राहतात, आणि मग बोलतात. "वकीलसाहेब, गाडी आधी सांगत असते. ऐकणारा पाहिजे." टॅपेट सैल झाले, सायलेन्सरास भोक पडले, पंख्याचा पट्टा घसरू लागला, या प्रत्येकाचा आवाज निराळा असतो. तीर्थरूपांस हे आवाज ऐकता येऊ लागले होते. दर रविवारी, पूजा आटोपल्यावर व जेवणाची पाने मांडण्यापूर्वी, ते तासभर मोटारीपाशी असत. तेल पाहावे, बॅटरीतील पाणी पाहावे, चाकांतील हवा पाहावी, पॉइंट घासावे, आणि शेवटी गाडी दत्तबर्डीपर्यंत नेऊन आणावी. आम्ही त्या तासास थट्टेने 'दुसरी पूजा' म्हणत असू. त्या तासाची किंमत आम्हांस ते असेपर्यंत कळली नाही.

येथे आमची चूक सांगणे भाग आहे.

२०१४ साली तीर्थरूप निवर्तले. गाडी पूर्वीप्रमाणेच वापरात राहिली. ज्यास काम पडे तो ती नेई व आणून उभी करी. ज्येष्ठ बंधूंस वाटे, धाकट्याने पाहिले असेल. आम्हांस वाटे, थोरल्यांनी पाहिले असेल. पुतण्यास वाटे, वडिलधारी दोघेही आहेत, आपण कशास हात लावावा? एकत्र कुटुंबात जी वस्तू सर्वांची असते, तिची अशी दशा होण्यास वेळ लागत नाही. २०१७ च्या आषाढात सतत झड लागली होती. बारा दिवस गाडी जागची हलली नव्हती, आणि तेराव्या रात्री दीडच्या सुमारास मातोश्रींस श्वास घेता येईना.

बंधूंनी किल्ली फिरविली. गाडीने उत्तर दिले नाही. पुन्हा फिरविली, दिवा मिणमिणला व विझला. विजेरीच्या उजेडात झाकण उघडले, तो बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरा क्षार बोटभर चढलेला. आम्ही तो खरवडीत असता आत मातोश्रींचा श्वास ऐकू येत होता. ती पाच-सात मिनिटे आम्ही जन्मात विसरणार नाही. शेवटी वहिनींनी शेजारच्या दुकानदारांचे दार ठोठावले. ते गृहस्थ अंगावर सदरा चढवीतच बाहेर आले व आपल्या जीपमधून त्यांनी आम्हांस नांदेडास पोहोचविले. ईश्वरकृपेने सर्व निभावले. आठ दिवसांनी मातोश्री घरी आल्या.

त्या आल्या त्याच संध्याकाळी ओसरीवर घरची सभा बसली. नोंदणीची मुदत पुढील वर्षी, २०१८ मध्ये, संपावयाची होती. पंधरा वर्षे झालेल्या खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते व त्याकरिता तिची योग्यता तपासली जाते. आमच्या गाडीची अशी नूतनीकरणे २००३, २००८ व २०१३ साली झाली होती. बंधू म्हणाले, "आता पुरे. वेळेस जी उपयोगी पडली नाही, ती दारात ठेवून काय करावयाचे? भंगारात द्यावी." कोणी काही बोलले नाही. आम्हांसही ते पटले होते.

मातोश्री उशीस टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, गाडी म्हातारी झाली म्हणून बंद पडली नाही. तुम्ही तिच्याकडे पाहिलेत नाही, म्हणून पडली. नवी आणाल, तिच्याकडे तरी कोण पाहणार आहे, ते आधी ठरवा. मग ही काढा नाही तर ठेवा. माझे काही म्हणणे नाही."

एवढे बोलून त्यांनी सुनेकडे पाणी मागितले. त्यांच्या बोलण्यात मोटारीविषयी माया थोडी व आमच्याविषयी काळजी अधिक होती, हे आमच्या ध्यानी आले. वस्तू जुनी की नवी, या प्रश्नाआधीचा प्रश्न त्यांनी आमच्यापुढे टाकला होता.

दुसऱ्या दिवशी बंधूंनी एक लांब वही आणली. रविवारचा तास पुन्हा सुरू झाला. फरक इतकाच, की तो आता एका माणसाचा राहिला नाही. तेल व पाणी पुतण्याकडे, चाके बंधूंकडे, बॅटरी व पॉइंट आमच्याकडे, आणि वहीत लिहिणे आमच्या धाकट्या पुतणीकडे. ती त्या वेळी दहा वर्षांची होती. ज्याचे काम राहिले, त्याच्या नावापुढे ती तांबड्या पेन्सिलीने फुली मारी, आणि ती फुली कोणाच्याही रदबदलीने पुसली जात नसे. आणखी एक नियम ठरला: प्राणाशी गाठ असेल, तर आपल्या मोटारीची वाट पाहावयाची नाही, प्रथम १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावयाची. तो क्रमांक फळीवर खडूने लिहिलेला आहे.

२०१८ साली नूतनीकरण झाले. त्यानंतरच्या पाच वर्षांत पुष्कळ गोष्टी बदलल्या. नांदेडचा रस्ता चौपदरी झाला. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. पुतण्या नोकरीस लागला व त्याने नवी मोटार घेतली. आता जुनीचे काम उरले नाही, असे पुन्हा वाटू लागले. २०२३ चे नूतनीकरण जवळ आले, तेव्हा मातोश्रींस डोळ्यांच्या तपासणीकरिता नांदेडास न्यावयाचे होते. "शेवटचीच खेप असेल तर मी हिच्यातून जाते," असे म्हणून त्यांनी जुनीच गाडी काढावयास लावली.

माघातील स्वच्छ सकाळ होती. ताशी ५० किलोमीटरच्या वर जावयाचे नाही व डावी कड सोडावयाची नाही, हा आमचा नियम. मोठाल्या मालमोटारी वाऱ्याचा झोत देत शेजारून निघून जात, आणि आमची फियाट प्रत्येक झोताबरोबर किंचित डुलत असे. पूर्वी या रस्त्याच्या दोहो बाजूंस झाडे होती व एक गाव संपले की दुसऱ्याची चाहूल लागे. आता मध्ये दुभाजक व दोन्हीकडे मोकळे आकाश. वारंगा फाट्यास हिंगोलीकडील रस्ता येऊन मिळतो. येथील गरम खिचडी प्रवासी लोकांत प्रसिद्ध आहे, व तेथे न थांबता पुढे जाणे आमच्या घरी अशुभच मानले जाते.

आम्ही खिचडी खात असता एक वृद्ध गृहस्थ गाडीभोवती फिरताना दिसले. अंगात स्वच्छ सदरा, डोक्यास पांढरी टोपी. जवळ येऊन म्हणाले, "मालक, डावीकडचा एक टॅपेट सैल आहे. येताना ऐकला." चौकशी केली, तेव्हा कळले, की त्यांनी तीस वर्षे मुंबईत पद्मिनीचीच टॅक्सी चालविली होती व आता शेतीवर येऊन राहिले होते. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरविलेले असून शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली आहे. म्हणजे येत्या दिवाळीपूर्वी त्या सर्व जाणार, हे त्यांनीच आम्हांस सांगितले. ते खरे ठरले. २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली.

ते गृहस्थ म्हणाले, "टॅक्सी होत्या म्हणून सामान मिळत होते. आता कुर्ल्यात पाहून ठेवा. पंप, क्लच प्लेट, ब्रेकचे रबर. दोन-दोन घेऊन ठेवा." मग जरा संकोचून त्यांनी विचारले, "मी एकदा बसू का?"

मातोश्री चटकन म्हणाल्या, "बसा की. त्यात काय विचारायचे?"

ते चालकाच्या जागी बसले. गाडी त्यांनी चालू केली नाही. डाव्या हाताने सुकाणूवरील दांडा पहिल्या गिअरात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात असा फिरविला, पुन्हा सुटा केला व उतरून दार हलकेच लावले. आम्हीही पुढे निघालो. डोंगरकडा गेले, अर्धापूरचे केळीचे मळे लागले, व साडेदहाच्या सुमारास आम्ही नांदेडात शिरलो. डोळ्यांची तपासणी ठीक झाली. परतीच्या वाटेवर बंधू बराच वेळ गप्प होते. घरी आल्यावर त्यांनी वही मागविली व त्या गृहस्थांनी सांगितलेल्या तीन वस्तू स्वतःच्या अक्षरात लिहिल्या. त्या वर्षीचे नूतनीकरण झाले, हे निराळे सांगावयास नको.

वाचकांची दिशाभूल होऊ नये, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. नव्या मोटारीत अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या असतात, चाके घसरू न देणारे ब्रेक असतात. आमच्या गाडीत यांपैकी काही नाही. पुढील बैठकीचे पट्टे आम्ही मागाहून बसवून घेतले व तेव्हापासून पुढे दोघेच बसतात. मुलांस घेऊन मोठ्या रस्त्यावर जावयाचे असेल, तर पुतण्याची नवी गाडी निघते. जुनीस रात्रीचा व पावसातील महामार्ग वर्ज्य आहे. धुराची बाबही लपविण्यासारखी नाही. कार्बोरेटरवरील जुने इंजिन नव्यापेक्षा हवा अधिक बिघडविते. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, ही गोष्ट चांगली झाली. तरी धूर शुद्ध करणारे यंत्र आमच्या गाडीस नाहीच. म्हणून मिश्रण व ठिणगी यांचा मेळ आम्ही वेळच्या वेळी जुळवून घेतो आणि पायी जाण्याजोग्या अंतरास गाडी काढीत नाही. लिटरमागे अकरा-बारा किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा नियम खिशासही मानवतो. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळू लागले आहेत. ते जुन्या रबरास मानवत नाही व हवेतील ओल ओढून घेते. तेव्हा चाचांनी पेट्रोलच्या सर्व नळ्या त्यास टिकतील अशा जातीच्या घातल्या, आणि टाकी अर्धीहून रिकामी ठेवावयाची नाही असे बजावले.

ज्यांच्या घरी रविवारचा तास देणारे कोणी नाही, गावात कानाने ऐकणारा मिस्त्री नाही, किंवा ज्यांस रोज महामार्गावरूनच जावयाचे आहे, त्यांनी केवळ जुन्याच्या प्रेमाने जुनी मोटार बाळगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती त्यांस दगा देईल, आणि दोष तिचा नसेल. आमच्या गावी मात्र तिचे काम बेताचे व नेमके आहे. सकाळी बंधूंस न्यायालयात सोडणे, गुरुवारी दत्तबर्डी, आठवड्याचा बाजार, आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तामसा. तेथे बारालिंगाच्या देवस्थानी भाजी-भाकरीची मोठी पंगत होते. गावोगावच्या भाकरी व नाना भाज्यांची एकत्र शिजविलेली भाजी यांस त्या दिवशी जी चव येते, ती घरी कितीही यत्न केला तरी साधत नाही. मातोश्री आता मागील बैठकीवर उशी घेऊन बसतात. शेजारी पितळी डबा असतो, आणि वाटेत कोणी पायी जाणारे म्हातारे माणूस दिसले, की गाडी थांबवावयाची त्यांची आज्ञा आहे.

२०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांवरील मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क दुप्पट होऊन १०,००० रुपये झाले. आमच्या गाडीचे पुढील नूतनीकरण २०२८ मध्ये यावयाचे आहे. त्या वेळी गाडी चाळीस वर्षांची असेल. ती तपासणीस उतरेल की नाही, व उतरली तरी ठेवावी की नाही, हे आम्ही आजच ठरवीत नाही. चाचांचे कान पूर्वीइतके तीक्ष्ण राहिलेले नाहीत, असे ते स्वतःच म्हणतात; हल्ली ते डोळे मिटून उभे राहिले, म्हणजे आमच्या पुतणीस शेजारी उभी करतात व "तू सांग, बेटी" म्हणतात. ती आता महाविद्यालयात जाते. गेल्या रविवारी तिने मागील चाकाकडील एक बारीक कुरकुर ऐकली, जी आम्हां कोणास ऐकू आली नव्हती. पाट्याची एक पकड ढिली झाली होती. चाचांनी ती आवळली. वहीत तिने तारीख घातली, काम लिहिले, आणि त्या आठवड्याची आपली फुली, कारण पॉइंट घासावयाचे आम्ही विसरलो होतो, आमच्या नावापुढे न चुकता मारली.